शोघाकातचा गुडघा

दर तीन वर्षांनी, बर्फ वितळलं की ती येते
गुम्रीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये,
पाय काढून टेबलावर ठेवते
आणि म्हणते, "उस्ता, बघ याला काय झालंय,"
किरकिरं पोर डॉक्टरपुढे ठेवावं तशी.

मी आधी तळवा बघतो. सवय आहे.
तळवा सगळं सांगून टाकतो:
कोण हिवाळाभर खिडकीशी बसून राहिलं,
कोण भाचीच्या लग्नात नाचलं,
कोण पाय ओढतं आणि कबूल करत नाही.
शोघाकातचा बाहेरच्या कडेने झिजलेला,
टाचेत बटाट्याच्या वाफ्यातली काळी माती.
ठीक आहे.
पण गुडघा?
आवरण फाटून आतलं अल्युमिनियम दिसतंय,
सांध्यात वाळू, पीठ,
आणि मेणाचा एक पिवळा थेंब.

"बाई, हा टेकायला बनवलेला नाही,"
दहा पायांच्या वेळी दहादा सांगितलं.
"चालायला आहे. बसायला. फार तर जिना."
"तोनीर जमिनीत असतो, उस्ता,
भाकरी भाजायला मीच वाकायचं, तो वर यायचा नाही.
बटाटेही जमिनीत.
आणि देव वर असतो म्हणतात,
मला तर खालीच भेटला."

खाली म्हणजे कुठे, ते विचारलं नाही.
आमच्या गावात डिसेंबर म्हटलं की पुरतं.
ती मोज्यांच्या कारखान्यात होती, दुसऱ्या मजल्यावर,
आणि दुसरा मजला पहिल्याच्या खाली गेला.
दोन रात्री.
"आयुष्यभर जोड्या विणल्या," ती सांगते,
"आणि शेवटी मलाच सुट्या मोज्याचं गिऱ्हाईक केलं त्यानं."
मी हसत नाही.
माझा धाकटा भाऊ तिसऱ्या मजल्यावर होता.
तिला ते ठाऊक आहे. ती उठते,
एका पायावर, टेबल धरत धरत,
आणि माझ्याच किटलीतला चहा मला ओतून देते.

लोक म्हणतात, अमक्याने गुडघे टेकले, म्हणजे हरला.
तीस वर्षं गुडघे बनवतोय,
मला काही तसं दिसलं नाही.

यंदा ईस्टरच्या आठवड्यात
तिच्या सांध्याचा एक स्क्रू माझ्या खिशात राहिला.
तो द्यायला चर्चच्या दारापर्यंत गेलो. आत नाही.
अंगणात तेव्हा कोसळलेला घुमट अजून पडलाय,
पोरं त्याच्यावर चढून सूर्यफुलाच्या बिया खातात.

दारातून दिसत होतं:
आधी तिचा पाय टेकला, मग माझा.
वाळूच्या तबकात तिनं मेणबत्ती खोचली,
नाव घेतलं नाही, कारण तिला ते माहीतच नाही.
पिवळ्या टोपीचा क्रेनवाला होता कुणी,
तिसऱ्या सकाळी स्लॅब उचलणारा.
पायासाठी तिनं कधी काही मागितलं नाही म्हणते.
"पायाचं तू बघतोसच की."

मग ती निघाली.
आमच्यात वेदीला पाठ दाखवून कुणी निघत नाही,
उलट्या पावलांनी दारापर्यंत यायचं.
आणि मी बनवतो तो पाय पुढे जातो, फक्त पुढे.
मागे टाकला तर गुडघा दगा देईल,
हे मी सही करून लिहून देतो प्रत्येकाला.

आधी काठी मागे, चाचपत.
मग माझा पाय, आखडता.
मग ती सगळी.
मी मोजत होतो. सात. आठ.
नवव्याला सांधा कचकला,
ती थांबली, त्याला काहीतरी बोलली, दहा.
कधी उंबरठा ओलांडला कळलं नाही,
मी तिच्या मागे उभा होतो, दोन्ही हात पसरून,
चोवीस वर्षांचा भाऊ वरून पडताना झेलावा तसा.

तिची पाठ माझ्या तळहातांपासून
वीतभर अंतरावर थांबली.
न वळताच म्हणाली,
"स्क्रू आणलास का, उस्ता?"

रात्री वहीत तिच्या नावापुढे लिहिलं:
गुडघ्याला चामडं, दुहेरी.
मागे चालते.