चर्चेअंती

लघुलेखनात 'चर्चेअंती' या शब्दाला
एक आकडा पुरतो,
डासाच्या पायाएवढा, शेवटी जरा वाकलेला.
एकोणीस वर्षं काढत आले.
अंदाजपत्रकाच्या सभेत तर
चर्चा सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवायचे.

चारशे बारा पानं.
वरून आवाज यायचा, वाचले असे समजावे?
बाकं वाजायची.
सूचक कोण, अनुमोदक कोण, ते आदल्या रात्री
गंगावेशीत धारोष्ण दुधाच्या पेल्यावर ठरलेलं.
नऊ मिनिटं. एका साली सात.
खासबागेत नुसती खडाखडी
याहून जास्त वेळ चालते.

दत्तोबा शिपाई चहा घेऊन जिना चढेपर्यंत
खुर्च्या रिकाम्या.
तो ट्रे धरून तसाच दारात,
"झालं व्हय?"
आणि मी लिहायचे: सविस्तर चर्चेअंती, सर्वानुमते.
'सविस्तर' माझ्या पदरचं नव्हे.
छापील नमुन्यात होतं.

यंदा नियम बदलला.
अंदाजपत्रक एकवीस दिवस आधी
प्रभागांच्या वाचनालयांत, सुतळीनं टेबलाला बांधून.
दर खात्याला दोन तास.
घंटा होईपर्यंत मतदान नाही.
पहिला तास लोकांचा.

लोक आले तेरा.
गॅलरीतला पंखा बंद.
एक आजोबा फक्त आपल्या गल्लीतल्या गटारीवर बोलले,
वेळ संपल्यावरही बोलले.
एका सदस्यांना डुलकी लागली,
त्याला माझ्याकडे चिन्ह नाही.

मग शमशाद बागवान, फुलेवाडी, फळांची गाडी.
पोराची शंभरपानी वही उघडून म्हणाली,
"पान दोनशे सदतीस. नाला सफाई.
मजुरी लिवलीया, डिझेल लिवलंय.
खाली, इतर, दोन कोटी चाळीस लाख.
ह्ये इतर म्हंजे कोण?"

हशा झाला.
ती हसली नाही.
"माझ्या गाडीवर केळी हाईत, चिक्कू हाईत.
इतर म्हणून मी काय इकत नाही."

लेखापालांनी फाईल उघडली.
मिटली.
चष्मा पुसून परत उघडली.
मी पेन्सिल टेकवून थांबले होते,
कागदावर ठिपका जाड होत गेला.
"माहिती घेऊन नंतर कळवू."
"घ्या की," ती म्हणाली,
"बसते मी. घंटा कुठं झालीया अजून?"
आणि बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

दत्तोबा आला. दारात थबकला.
मोजून आणलेले कप, त्यानं परत मोजले,
आणि न बोलता खाली गेला, आणखी आणायला.

मी दुसऱ्या पेन्सिलीला टोक केलं.
सवयीनं समासात आधीच काढून ठेवलेला
तो वाकडा आकडा खोडला.
लिहिलं:
चार वाजून दहा मिनिटे. पान दोनशे सदतीस.
उत्तर आलेले नाही.
सभा चालू.