कारणाची ओळ

गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलंय : नीती-सल्लागार.
वॉर्डबॉय इरण्णा मला नीतीवाल्या बाई म्हणतो.
लचमव्वाने पहिल्याच दिवशी विचारलं,
तू कापणारी का शिवणारी?
म्हटलं, दोन्ही नाही. विचारणारी.
तिने चष्म्यावरून पाहिलं.
त्याचा पगार देतात?

होटगी रस्ता, चौथा मजला, मे महिना.
पाणी चार दिवसांनी येतं, म्हणून कूलर नुसताच घरघरतोय.
टेबलावर सहा पानांचा संमतीचा फॉर्म,
मराठीत आणि इंग्रजीत.
भूदेवीला वाचता येतं ते तेलुगूत.

दाता : भूदेवी कोंगारी, वय छत्तीस, विडी कामगार.
घेणारा : सख्खा भाऊ अंबादास, टॉवेलच्या मागावर,
दोन वर्षं सोमवार-गुरुवार डायलिसिस.
रक्तगट तोच. पेशी जुळतात. सर्जन खूश.
सगळं जुळतंय,
म्हणून तर मला बोलावतात.

नातेवाइकांना मी बाहेर पाठवते.
माझा अधिकार तेवढाच, दार लावण्याचा.
जाताना नवरा खांद्यावर हात ठेवून गेला, आई डोक्यावर.
ती दोघं गेल्यावरही
हात तिथेच होते.

विचारलं, नाही म्हणालीस तर घरी काय होईल?
बोलेना. बोटं मात्र चालू होती.
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
तरी मांडीवर विड्या वळत होती.
चाळीसेक वळून झाल्या असतील.
मग म्हणाली, बापाची गिरणी बंद पडली तेव्हा दादा चौदाचा.
मग म्हणाली, माझ्या लग्नाचं सगळं त्यानेच केलं.
मग म्हणाली, माझी धाकटी पाचवीत आहे.
मग, अगदी हळू, तिच्या भाषेत :
वद्दु.
तेवढं तेलुगू सोलापुरात कुणालाही कळतं.

दुपारी समितीत वाद झाला.
डॉक्टर शहापुरे म्हणाले, भीती आहे ती, समजूत काढा.
मी म्हटलं, समजूत काढायला बाहेर अकरा जण बसलेत.
माझी खुर्ची त्यांच्या रांगेत नाही.
ते बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत राहिले.
मग त्यांनीच लिहिलं : दाता योग्य नाही.
कारणाची ओळ कोरी.
खोटं नाही ते.
खरं म्हणावं, तर उजेडात धरल्यावर
आरपार दिसतं, असं विरळ विणीचं.

लचमव्वा जिन्यात बसली होती.
म्हणाली, आमच्या मार्कंडेयाने पिंडीला मिठी मारली,
यमाचा फास माघारी गेला.
माझ्या लेकराने कुणाला मिठी मारायची ग?
मला काही बोलता आलं नाही.
संध्याकाळी कन्ना चौकात सिग्नलला थांबले असताना
उगाच मनात आलं,
पिंडीला कुणी विचारलं होतं का.

गुरुवारी अंबादासने मशीनवर असताना बोलावून घेतलं.
दंडात दोन सुया, छातीवर दुमडलेला मागावरचाच टॉवेल.
रक्त एक, मग न जुळायला काय झालं, मॅडम?
मी गप्प.
तो छताकडे बघत म्हणाला,
डबा आणते रोज, पण वर बघत नाही.
तुमच्या कागदावर लिहा, मीच नको म्हटलं होतं.
आधीच. तारीख मागची टाका.

मागची तारीख टाकता येत नाही.
मी तसं सांगितलं. नियम आहे.
मग आजची टाका, म्हणाला,
आणि डोळे मिटले.

फाईल समोर आहे.
मयत दात्यांच्या यादीत त्याचं नाव घातलंय,
पुढे किती जण आहेत, हे त्याने विचारलं नाही.
खाली चौकशीच्या खिडकीत भूदेवी
माझ्यासाठी शेंगाचटणीची पुडी ठेवून गेली,
वर्तमानपत्रात बांधलेली, विडीच्या दोऱ्याने.
रुग्णांकडून काही घेऊ नये,
हा नियम मीच लिहिलाय, नोटीसबोर्डावर आहे.
पुडी मी उघडलेली नाही.
परतही केलेली नाही.