दोन बोटं

ऑटलीतल्या आमच्या उताराच्या गल्लीत
हेडली ओल्डरॉइडच्या शेडचं दार
ऑक्टोबरपासून सताड उघडं.
आत पँथर, बासष्ट सालची,
इथून जवळच, क्लेकहीटनला जन्मलेली,
एकाच सिलिंडरची; एक ठोका टाकला
की पुढचा विचार करून टाकणारी.
आणि डाव्या हाताला साइडकार.

डावीकडेच का, असं मी पहिल्यांदा विचारलं होतं.
फुटपाथची बाजू म्हणून, तो म्हणाला.
मी मनात म्हटलं, वामांगी.
तिथे बेरिल बसली, लग्नापासून:
व्हिटबीला, स्कारबरोला, एकदा भिजत थेट ओबानपर्यंत,
मांडीवर थर्मास, नकाशा,
आणि दोन उन्हाळे एक रडकं मूल.

आता बेरिलचा खुबा नवा आहे.
पाय उचलतो, पण साइडकारच्या काठाइतका नाही.
हे हेडलीच्या आधी मला माहीत.
दर मंगळवारी हॉस्पिटलातल्या तीन लाकडी पायऱ्या
मीच तिला चढवते, उतरवते.
तो म्हणाला, तिचं एक बदललं,
हिची तीन बदलू.

एकोणीस इंची काढायची, सोळा इंची घालायची.
एक रिम लिंकनच्या जुन्या बाजारातून,
दोन वारलेल्या मित्राच्या माळ्यावरून,
आरे नवेकोरे, तेलकट कागदात,
तुंबे तेच.
तुंबा, मी म्हटलं. त्यानंही म्हणून पाहिलं:
टुंबा.

चाक बांधणारा स्किप्टनला होता, तोही गेला म्हणे.
मला येतं, मी म्हटलं.
माझे वडील इचलकरंजीत, टॉकीजच्या बोळात,
सायकलींचे आउट काढायचे.
आरा नखानं छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे;
भसाडा बोलला तर सैल.
दहावीपर्यंत माझे सगळे रविवार
ग्रीसमध्ये.
हेडलीनं एक भुवई उचलली
आणि आऱ्यांची किल्ली माझ्या हातात दिली.

तीन चाकं, तीन आठवडे.
मग जमिनीवर दोन फळ्या, सुतळी, ओळंबा:
साइडकारचं चाक पुढून जरासं आत,
गाडी जराशी बाहेर कललेली.
सरळ उभी केली तर सरळ जात नाही.
शेजारी कुणी असलं की असंच, मी म्हणायला गेले.
रस्ता कडेला उतरता असतो म्हणून,
हेडली म्हणाला, आणि नट आवळला.

हिशोब मात्र फसला थोडा.
तीन इंच गेले म्हणजे काठ दीड इंच खाली यायचा;
पण टायर मोटारीचे, गुबगुबीत,
त्यांनी त्यातलं पाव इंच खाल्लं.
आता स्पीडोमीटरही थापा मारतो:
तीस म्हणतो, असतात अठ्ठावीस.
बेरिल म्हणाली, या वयात तेवढी बढाई चालते.

किती खाली आला गं, तिनं विचारलं.
मी दोन बोटं दाखवली.
ती इतकी हसली की काठीच निसटली.
अगं, इथे असली बोटं
फक्त भांडणात दाखवतात!

मग तिनं पाय उचलला.
टाच काठाला घासली, अडली,
मी गुडघ्याखाली हात द्यायला वाकले, तर ती म्हणाली,
तो बिअरचा क्रेट आण, दारामागचा.
कधीपासून आहे तिथे.
हेडली कुणाकडेच न बघता
हात पुसत राहिला, स्वच्छ झालेले.

क्रेटवर एक पाय, मग दुसरा आत.
ती बसली. हातमोजे चढवले.
त्यानं किक मारली, तिसऱ्यांदा लागली,
आणि त्याचं तोंड असं,
की स्वर्ग दोन बोटंच उरला.

गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी ऐकत होते.
मागच्या चाकात एक आरा टिकटिकतोय.
कुठला, ते कळलं.
चहाला परततील तेव्हा
अर्धा आटा फिरवीन.