जोड

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या बोळात
आमचं मशीन : तीन फूट बाय दोन.
जे त्यात मावतं ते आम्ही कापतो.
किचेन, बारशाची नावं, घरावरच्या पाट्या,
रुखवतातले मोर.

बिर्जेबाई फोटो घेऊन आल्या.
फोटोतला माणूस लांघ कसून, डाव्या हाताने शड्डू ठोकतोय,
कोपर बाहेर काढून.
म्हणाल्या, "तालमीच्या दारात उभं करायचं आहे यांना.
उंची पाच फूट अकरा. कमी करू नका की ओ,
एक इंच पण नको."

मी म्हटलं, अडीच फुटांत बसवतो, सुबक होईल.
"अडीच फुटांचे होते तेव्हा
सासूबाईंच्या मांडीवर बसत होते."

झालं.

मशीनच्या पाठीला झडप असती
तर प्लायवूड सरकवत नेलं असतं, थोडं कापून थोडं पुढं.
पण पाठीला भिंत आहे,
आणि भिंतीपलीकडे मुचंडींचं गॅरेज.
म्हणजे तुकडे.
एकाहत्तर इंचांचे दोन केले,
साडेपस्तीस, साडेपस्तीस.
अर्धा इंच उरतो, त्यातच जोडाचे दात बसवायचे.
कमरेतली रेघ लंगोटाच्या काठात लपून गेली.
राहिला तो हात,
दोन फुटांच्या बाहेर निघालेला.

बसलिंग रायबागचा. त्याचं मराठी
माझ्या कन्नडइतकंच लंगडं,
म्हणून मोजताना आम्ही फक्त आकडे बोलतो.
त्याने पडद्यावर कोपरापाशी रेघ मारली.
मी पुसून मनगटावर नेली.
त्याने पुन्हा कोपरावर आणली.

"जोड कुठं घालूलास बाळा?"
बाई मागे उभ्या होत्या, आम्हाला कळलंच नव्हतं.
त्यांनी काचेवर बोट टेकवलं. खांद्यावर.
"इथं घाल.
धारवाडच्या मैदानात इथंच निखळला होता.
हाडवैद्याने बसवला, पण पायरी राहिली थोडी.
शिंपी त्यांच्या शर्टाची एक बाजू
नेहमी वेगळी बेतायचा."

किरण जाता जाता केसभर लाकूड खातो.
ते धरलं नाही तर दात खुळखुळतात.
पहिला खांदा सैल गेला.
दुसऱ्या वेळी लाईट गेली,
हात अर्धा कापलेला, अर्धा नुसता काळवंडलेला,
खोलीभर जळक्या प्लायचा वास,
आणि बाई स्टुलावर शेंगा सोलत बसलेल्या.
तिसऱ्या वेळी रेघ बाहेर घेतली, पाव मिलीमीटरहून कमी.
मी हातोडी उचलली.
"तडी, तडी," म्हणत बसलिंगने
तळहाताच्या टाचेने हळू दाबलं.
टक् झालं.
"आतु," तो म्हणाला.

नखाला लागेल एवढी पायरी राहिलीच.
मी पॉलिश पेपर काढला.
बाईंनी तो माझ्या हातातून घेतला
आणि घडी घालून शेंगांच्या पिशवीत टाकला.

बैठकीवर नाव : पैलवान मोनाप्पा बिर्जे.
वर कन्नडमध्ये, खाली मराठीत.
ते एका फळीत मावलं.

उभा केला तर छताच्या पंख्याला लागतोय की काय असं वाटलं.
लागला नाही.
पण कंग्राळीची रिक्षा आली
तेव्हा आख्खा माणूस आत जाईना.
पुन्हा सोडवला. कमरेपासून खाली मागच्या बाजूला उभं बांधलं,
धड सीटवर,
आणि डावा हात बाईंनी
मांडीवर आडवा घेतला.

उरलेली फळी अजून भिंतीला टेकून आहे.
तिच्यात हाताएवढं भोक,
भोकातून फौंड्रीचं धुराडं दिसतं.
लग्नसराई आहे, मोर खूप लागतात.
भोकाच्या कडेकडेनं
तेवढे बसतात.