पश्चिमेची काच

फुटली ती दुपारी सव्वातीनला.
कुणी चेंडू मारला नव्हता, वाराही नव्हता.
पाथर्डी फाटा, चौथा मजला, एप्रिल,
अंजनेरीकडे तोंड करून बसलेली खिडकी
आणि एक आवाज,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
कडेपासून निघालेली रेघ
वळत वळत मधोमध येऊन थांबली.
कट्ट्यावर विसरलेला द्राक्षांचा घड
त्याआधीच सुरकुतला होता.

सहाला इरफान मणियार आला.
ह्याचे आजोबा दूध बाजारात बांगड्या भरायचे,
हा खिडक्या भरतो.
काचेला आधी त्यानं उलटा हात लावून पाहिला,
पोराचा ताप बघतात तसा.

"तपकिरी काच उजेड अडवते ताई, खरंय.
पण अडवलेलं ठेवणार कुठे?
पिते. दिवसभर ऊन पीत बसते.
मग थोडं बाहेर सोडते, थोडं आत.
साध्या काचेतून ऊन तडक घरात येतं.
हिच्यातून कमी येतं,
पण येतं. उशिरा."

मग आजच का फुटली?
नऊ वर्षं पीतच होती की.

त्यानं खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं.
केतकीनं परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलंय तिथं,
जाड काळ्या पुठ्ठ्यावर.
"पुठ्ठ्याआड भट्टी झाली. चौकटीतली कड मात्र गार.
काच तापानं नाही फुटत,
तफावतीनं फुटते."

माप घेतलं त्यानं. साडेतीन बाय चार.
आता दुहेरी बसवा म्हणाला, मध्ये कोंडलेली हवा,
आतून दिसणार नाही असा लेप,
ऊन दारातूनच परत पाठवणारा.
किंमत सांगितली.
मी पाणी आणायला आत गेले.

वीजबिलाच्या तक्रारी घेते मी.
माझ्याही पुढे एक काच असते,
बोलण्यापुरतं गोल भोक पाडलेली.
मीटर पळतंय, बिल फुगलंय,
साहेब कुठाय तुमचा, बाई ऐकू येतंय का?
येतं. सगळं ऐकू येतं.
अकरा वर्षांत आवाज चढवला नाही.
पुढचे या, म्हणते.
ऑफिसात म्हणतात, मोहितेबाई एकदम थंड.

आणि संध्याकाळी सात वाजता,
आमटीत मीठ आहे, पंखा चालू आहे,
कुणी काही बोललेलं नाही,
तेव्हा मीच म्हणते,
वेळापत्रक काय नुसतं चिकटवायला असतं का गं?

आता अकरा वाजलेत.
बाहेर गार सुटलंय, नाशिकची रात्र ती.
काचेवर उलटा हात ठेवला,
अजून कोमट.
रेघेवर चिकटपट्टी लावली, दोन पदरी.

केतकीचं अंथरूण या खिडकीखाली असायचं.
कधीतरी तिनं ते पलीकडच्या भिंतीला नेलं.
इथं उकडतं, म्हणाली होती.
मी म्हटलं होतं, पंखा वाढव.

इरफानला सकाळी फोन करायचा.
हप्त्यानं देतो का, विचारायचं.