नाव खरवडताना

तीनशे बारा बोर्ड.
प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईतली पाच अक्षरं
आणि शेजारी एका पायावर उभा बगळा.
मी पातं बदलते, पुन्हा खरवडते.
बगळ्याचा पाय सगळ्यात शेवटी जातो.

ओल्यांवच्या धक्क्यावरची ही खोली.
पूर्वी इथे सार्डिन डब्यात भरायचे,
ऊन तापलं की भिंती अजून वास सोडतात.
इथेच टेलमोनं पहिला बोर्ड जोडला,
पाणी किती चढलं ते मोजून फोनवर कळवणारा,
चिखलात कालवं वेचणाऱ्या बायकांसाठी.
बारसं बेनेदितानं केलं,
टेलमोच्या बापाच्या होडीवरून : गार्सा.
होडीचं नाव यंत्राला?
ती म्हणाली, बुडणार तरी नाही.

आराखडा त्यांनी देऊन टाकला जगाला.
तांब्याची एकेक वाट, एकेक भोक,
कुठला रेझिस्टर कुठे, किती ओहमचा.
घ्या, बनवा, मोडा, हवं तर विका.
फक्त तुम्ही जे सुधाराल तेही असंच उघडं ठेवा
आणि ज्यांनी आधी केलं त्यांची नावं पुसू नका.
परवान्यातलं एवढंच टेलमोला तोंडपाठ होतं,
येईल त्याला म्हणून दाखवायचा.

बगळ्याबद्दल कुणी काहीच लिहिलं नव्हतं.

मग फाटलं. मला विचाराल तर पैशांवरून नाही.
शेन्झेनहून एक खोकं कुणीतरी मागवलं होतं,
आमच्याच बोर्डाच्या नकला, बगळ्यासकट, निम्म्या किमतीत,
पहिल्याच खाऱ्या वाऱ्यात गंजलेल्या.
लोक आम्हाला नावं ठेवू लागले.
बेनेदिता म्हणाली, आराखडा सगळ्यांचा असू दे,
पण नाव कुणाचं तरी हवं,
नाहीतर शिव्या खायच्या कुणी?
टेलमो म्हणाला, कुंपण ते कुंपणच.
ती लिस्बनला गेली, परतली ती कागद घेऊन,
एकटीच्या सहीचा.

कोण चुकलं ते सांगायला मी कुणाची कोण?
मी डाग देते, तासावर.

नोटीस आली ती टेलमोनं बापाला वाचून दाखवली नाही.
म्हाताऱ्याला कळायचं ते कळलंच.
रंगाचा डबा घेऊन तो धक्क्यावर गेला.
तिथे त्याची नाव बांधलेली,
तिचं नाव तिच्या अंगावर, चाळीस वर्षांचं,
ते पुसायला.
वकीलबाई धावत गेल्या मागून.
अहो, होड्या बाराव्या वर्गात, विजेची उपकरणं नवव्या,
तुमची गार्सा तुमचीच.
म्हातारा जरा वेळ गप्प.
मग म्हणाला, आणि बगळे कितव्या?

डबा उघडलाच होता, तर
त्यानं तीच अक्षरं पुन्हा गिरवली, जरा जाड.

काल मिंदेलूहून झुलैका नावाच्या मास्तरणीचं पत्र आलं.
तुमच्या आराखड्यावरून मुलांनी अकरा बोर्ड बनवले,
बंदरात लावले, चालतात.
यांना काय म्हणू?
टेलमोनं कळवलं, काहीही म्हणा, ते एक सोडून.
तिची फाइल मी उघडली, सहज, सांधे बघायला.
चौथ्या ओळीत, कुणी हात न लावलेलं :
रचना, बेनेदिता सांशु, टेलमो विएगश.
मधे एक स्वल्पविराम.
शेन्झेनच्या फाइलीतही हीच ओळ होती, मी तेव्हाच पाहिली होती,
बोलले नव्हते.

टेलमो माझ्या खांद्यामागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
किती राहिले, त्यानं विचारलं.
एकशे चाळीस.
त्यानं स्टूल ओढलं, दुसरं पातं घेतलं,
आणि नावापासून नाही,
पायापासून सुरुवात केली.