तळ

सदरलंडच्या किनाऱ्यावर टॉर्क्विल पहाटे मेंढ्या हुसकतो,
गोल्फच्या हिरवळीत नवी गल पाडतो :
सव्वाचार इंच रुंद, केसभर इकडेतिकडे नाही.

काल इशबेलचा चेंडू कडेवरून आत गेला,
भिंतीला घासत, गरगरत, खाली, आणखी खाली
आणि तळ न शिवता
तसाच फिरत वर आला.
ओल्या गवतात थांबला.

"वारा," ती म्हणाली.
"गलीत कुठला वारा?
अंगची गिरकीच उतरवते त्याला,
तीच परत वर काढते."

तिनं वाकून मनगटापर्यंत हात घातला.
गार माती. पत्र्याची कड.
"मग एवढं खोल कशाला खणतोस?"

टॉर्क्विल कटरची वाळू पुसत राहिला.
बऱ्याच वेळानं, समुद्राकडे बघत :
"उद्या जरा हळू मार."